मॉस्फेट न जाळता एच-ब्रिज: १२ व्होल्टच्या मोटरसाठी आर्डुइनो, आयआर२१०४ आणि पीडब्ल्यूएम

१२ व्होल्टची मोटर दोन्ही दिशांना आणि हव्या त्या वेगाने फिरवायची असते. त्यासाठी एच-ब्रिज लागतो, म्हणजे मोटरच्या प्रत्येक टोकाला एक वर आणि एक खाली असे चार मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच). चार मॉस्फेट, ते उघडणारे-मिटणारे दोन ड्रायव्हर आयसी आणि एक आर्डुइनो जमवले जातात. आकृती तयार मिळते, कोडही तयार मिळतो आणि पहिल्याच स्विचला दोन मॉस्फेट जातात. नवे लावले तरी पुन्हा तेच होतं. डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हे सतत घडतं, आणि बहुतेक वेळा आकृती बरोबर असते. चुकतो तो कामाचा क्रम.

ब्रिज चालू कसा होईल याचा विचार सगळे आधी करतात. आधी बघायला हवं ते हे: कोड चालत नसताना, मायक्रोकंट्रोलर रीसेट होत असताना किंवा एखादी वायर निघालेली असताना चारही मॉस्फेट बंद राहतील का? ही हमी हार्डवेअरने द्यायची असते. पुढचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत, म्हणून मधला एकही गाळू नका.

उदाहरणासाठी घेतलेले भाग असे: एटीमेगा३२८पी असलेला आर्डुइनो ऊनो किंवा नॅनो, दोन आयआर२१०४ (ड्रायव्हर आयसी), चार आयआरएफझेड४४एन (मॉस्फेट) आणि ब्रश असलेली १२ व्होल्टची डीसी मोटर.

आधी ठरवा: स्वतः बनवायचा आहे का?

मोटर एक अँपिअरच्या आत चालणारी असेल तर एल२९८एन मॉड्यूलवर काम भागतं. मात्र त्यात बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. १ अँपिअरला त्याच्यावर १.८ ते ३.२ व्होल्ट पडतात आणि २ अँपिअरला हा आकडा ४.९ पर्यंत जाऊ शकतो. १२ व्होल्टमधले एवढे व्होल्ट उष्णतेत गेले की मोटर दमते आणि हीटसिंक चटके देतं.

करंट जास्त आहे आणि फक्त मोटर फिरवण्याशी मतलब आहे, तर बीटीएस७९६० चं तयार मॉड्यूल घ्या. ब्रिज समजून घ्यायचा असेल, स्वतःचा बोर्ड करायचा असेल किंवा दुरुस्ती आपल्या हातात ठेवायची असेल, तर पुढे वाचा.

टप्पा १: मोटर मोजा

मोटरवर लिहिलेला करंट हा चालतानाचा असतो. ब्रिज डिझाइन करायचा तो अडकलेल्या मोटरच्या करंटवर, म्हणजे स्टॉल करंटवर. मोटर प्रत्येक वेळी सुरू होताना क्षणभर तेवढाच करंट मागते.

१. बेंच सप्लायची करंट मर्यादा १ अँपिअरवर लावा.
२. मोटरचा शाफ्ट फिरणार नाही असा धरा. गिअरबॉक्स असेल तर हाताने धरू नका, क्लॅम्प लावा.
३. मोटरच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजा. समजा ०.६ व्होल्ट आले. ०.६ ÷ १ = ०.६ ओम.
४. शाफ्ट थोडा फिरवून तीन-चार जागी पुन्हा मोजा. ब्रश कोणत्या पट्टीवर बसला आहे त्यानुसार आकडा बदलतो. सगळ्यांत कमी आकडा धरा.
५. १२ ÷ ०.६ = २० अँपिअर. हा तुमचा स्टॉल करंट.

मल्टिमीटरच्या ओम रेंजवर हे मोजू नका. मीटरच्या वायरींचा रोधच ०.२ ते ०.५ ओम असतो, त्यात मोटरचा आकडा हरवतो.

*तपासणी:* स्टॉल करंट आणि नेहमीच्या लोडवरचा करंट, दोन्ही कागदावर आहेत का? पुढचे हिशेब २० आणि ५ अँपिअरवर केले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील तर ते घालून पुन्हा करा.

टप्पा २: मॉस्फेट निवडा आणि तो खरा आहे का ते बघा

आयआरएफझेड४४एन ५५ व्होल्ट आणि ४९ अँपिअरचा आहे. गेटला (तो उघडणाऱ्या पायाला; करंट ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधून वाहतो) १० व्होल्ट मिळाले तर त्याचा रोध जास्तीत जास्त १७.५ मिलिओम. यातली अट विसरू नका: गेटला १० व्होल्ट. डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट दिलेला दिसतो आणि आर्डुइनोचे ५ व्होल्ट पुरतील असं वाटतं. पण तो आकडा मॉस्फेटमधून जेमतेम २५० मायक्रोअँपिअर वाहू लागतात तेव्हाचा आहे. ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि ५ अँपिअरला तापून जातो. खालच्या मॉस्फेटलाही थेट आर्डुइनोचा पिन जोडायचा नाही, ड्रायव्हर चारही मॉस्फेटना हवा.

उष्णतेचा हिशेब लहान आहे. तापल्यावर मॉस्फेटचा रोध दीडपट धरा, म्हणजे साधारण २६ मिलिओम. आपल्या पद्धतीत एका बाजूचा खालचा मॉस्फेट सतत चालू राहतो. त्यावर ५ × ५ × ०.०२६, म्हणजे ०.६५ वॅट. हीटसिंक नसेल तर या पॅकेजचं तापमान वॅटमागे ६२ अंशांनी चढतं, म्हणजे ४० अंशांची वाढ. विदर्भातल्या मे महिन्याचे ४५ अंश त्यात मिळवले तर ८५. चालेल. हाच करंट १० अँपिअर झाला तर उष्णता चौपट, २.६ वॅट, आणि वाढ १६० अंशांची. तिथे हीटसिंक लावावंच लागतं.

लॅमिंग्टन रोडवरून घ्या, तपकीर गल्लीतून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, छाप पुसून नवी मारलेला माल कुठेही मिळू शकतो. लावण्याआधी प्रत्येक मॉस्फेट तपासा: गेट आणि सोर्सच्या मध्ये १२ व्होल्ट द्या, ड्रेनमधून २ अँपिअर सोडा आणि पायांच्या अगदी मुळाशी मिलिव्होल्ट मोजा. ३५ किंवा त्याहून कमी यायला हवेत. ७०-८० आले तर तो नग बाजूला ठेवा.

टप्पा ३: ड्रायव्हर आणि बूटस्ट्रॅप

लोक सर्वांत जास्त चुका इथे करतात, म्हणून जरा थांबून बघू.

वरच्या मॉस्फेटचा सोर्स मोटरला जोडलेला असतो. तो चालू झाला की त्याचा सोर्स १२ व्होल्टवर चढतो. तरीही गेट सोर्सपेक्षा १० व्होल्टने वर हवा, म्हणजे जमिनीपासून (ग्राउंडपासून) २२ व्होल्ट. एवढं व्होल्टेज सर्किटमध्ये कुठेच नाही. ते बूटस्ट्रॅप कपॅसिटर पुरवतो. खालचा मॉस्फेट चालू असताना ड्रायव्हरचा व्हीएस पिन (वरच्या मॉस्फेटच्या सोर्सला जोडलेला) जमिनीला टेकतो आणि कपॅसिटर डायोडमधून १२ व्होल्टच्या आसपास भरतो. नंतर वरचा चालू करताना ड्रायव्हर हाच साठा गेटला देतो.

खालचा मॉस्फेट मधूनमधून चालू झालाच नाही तर कपॅसिटर भरणार नाही, हे यातूनच येतं. म्हणून या सर्किटमध्ये १०० टक्के ड्युटी (पीडब्ल्यूएमच्या, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होण्याच्या, प्रत्येक चक्रातला चालू भाग) देता येत नाही. ‘फुल स्पीड’ म्हणून २५५ लिहिणारा कोड इथे मोटर बंद पाडतो किंवा वरचा मॉस्फेट अर्धवट उघडा ठेवून जाळतो. मर्यादा ९५ टक्के ठेवा.

कपॅसिटर किती? मॉस्फेटच्या गेटला जास्तीत जास्त ६३ नॅनोकूलोम लागतात. त्यात अर्ध्या व्होल्टची घट चालेल असं धरलं तर ६३ ÷ ०.५ = १२६ नॅनोफॅरड. गळती आणि सिरॅमिकची घटणारी क्षमता लक्षात घेऊन १ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, सिरॅमिक घ्या. तो व्हीबी आणि व्हीएस या पिनांना अगदी चिकटून हवा.

डायोड वेगवान हवा: यूएफ४००७ किंवा १एन५८१९. हाताशी असतो म्हणून १एन४००७ लावला जातो. तो बंद व्हायला फार वेळ घेतो, आणि २० किलोहर्ट्झवर भरलेला साठा त्यातूनच उलटा निघून जातो.

आता एक बारीक गोष्ट, जी तयार आकृत्यांमध्ये सहसा दिसत नाही. गेट आणि सोर्समध्ये १० किलोओमचा रेझिस्टर लावायची सवय चांगली आहे, पण वरच्या मॉस्फेटला तो रेझिस्टर बूटस्ट्रॅपच्याच साठ्यातून १.२ मिलिअँपिअर ओढत राहतो. २० किलोहर्ट्झवर ते खपून जातं. आर्डुइनोच्या ९ आणि १० क्रमांकाच्या पिनांची मूळ वारंवारता मात्र ४९० हर्ट्झ आहे, म्हणजे एक चक्र सुमारे २ मिलिसेकंदांचं. तेवढ्या वेळात १ मायक्रोफॅरडवरचे २.४ व्होल्ट उतरतात, वरच्या गेटचं व्होल्टेज तेवढंच घसरतं आणि वरचा मॉस्फेट चक्राच्या शेवटी नीट उघडा राहत नाही. मॉस्फेट तापतो आणि दोष कोडमध्ये शोधला जातो. म्हणून खालच्या दोघांना १० किलोओम आणि वरच्या दोघांना १०० किलोओम लावा.

आयआर२१०४ च्या आठ पिनांची जोडणी:

- १, व्हीसीसी: १२ व्होल्ट, पिनाजवळ १ मायक्रोफॅरड सिरॅमिक आणि १०० मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलायटिक
- २, आयएन: आर्डुइनोचा पीडब्ल्यूएम पिन
- ३, एसडी: आर्डुइनोचा साधा पिन, लो असेल तर दोन्ही मॉस्फेट बंद
- ४, कॉम: खालच्या मॉस्फेटच्या सोर्सला थेट, आखूड वायरने
- ५, एलओ: १० ओममधून खालच्या गेटला
- ६, व्हीएस: दोन मॉस्फेटच्या मधला बिंदू, म्हणजेच मोटरचं एक टोक
- ७, एचओ: १० ओममधून वरच्या गेटला
- ८, व्हीबी: बूटस्ट्रॅप कपॅसिटर आणि डायोडचा कॅथोड, डायोडचा अॅनोड व्हीसीसीला

आयएन हाय असेल तर वरचा चालू, लो असेल तर खालचा. दोघांच्या मध्ये हा आयसी स्वतः साधारण ५२० नॅनोसेकंदांचा डेड टाइम (दोन्ही बंद असण्याचा वेळ) ठेवतो, म्हणून एकाच बाजूचे दोन्ही मॉस्फेट एकदम चालू करण्याची चूक कोडमधून होऊच शकत नाही. हा आयसी निवडण्याचं मुख्य कारण तेच. गेट रिकामा करायला हा ड्रायव्हर किमान २७० मिलिअँपिअर ओढतो. ६३ नॅनोकूलोमला त्याचे सुमारे २३५ नॅनोसेकंद होतात, म्हणजे डेड टाइमच्या आत. याहून फार मोठा मॉस्फेट लावायचा किंवा १० ओमच्या जागी १०० ओम घालायचे, तर हा हिशेब पुन्हा करा, नाहीतर डेड टाइम असूनही शूट-थ्रू (वरचा-खालचा एकदम चालू राहून सप्लाय शॉर्ट) होईल.

*इशारा:* व्हीसीसीला १० ते २० व्होल्टच चालतात. २४ व्होल्टच्या मोटरसाठी ड्रायव्हरला वेगळे १२ व्होल्ट द्या. १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं, आणि ८ च्या आसपास गेलं की ड्रायव्हर बंद पडतो. म्हणून व्हीसीसी बॅटरीवरून १एन५८१९ डायोडमधून घ्या. बॅटरी बसली तरी १०० मायक्रोफॅरडचा साठा तेवढा क्षण निभावून नेतो.

टप्पा ४: ‘बंद’ची हमी

आर्डुइनोला वीज मिळाल्यापासून तुमचा कोड सुरू होईपर्यंत, विशेषतः बूटलोडर चालू असताना, त्याचे पिन कशालाच जोडलेले नसल्यासारखे असतात. नवा प्रोग्रॅम चढवतानाही तेच. त्या वेळात एसडीवर काय व्होल्टेज असेल ते नशिबावर सोडू नका.

१. दोन्ही एसडी पिनांना जमिनीशी १० किलोओम.
२. दोन्ही आयएन पिनांना जमिनीशी १० किलोओम.
३. चारही मॉस्फेटना गेट-सोर्स रेझिस्टर, टप्पा ३ प्रमाणे.

हे आठ रेझिस्टर ड्रायव्हरच्या बोर्डावर बसवा, आर्डुइनोच्या बाजूला नाही. मधली रिबन वायर निघाली तरी ब्रिज बंदच राहायला हवा.

*तपासणी:* आर्डुइनो पूर्ण काढून ठेवा. ड्रायव्हरना १२ व्होल्ट द्या, ब्रिजला देऊ नका. चारही गेट त्यांच्या सोर्सच्या तुलनेत शून्यावर हवेत. एखादाही वर दिसला तर पुढे जाऊ नका.

टप्पा ५: जाड वायरी आणि जमिनीचा एकच बिंदू

ब्रेडबोर्डच्या पट्ट्या साधारण एक अँपिअरपर्यंतच्या असतात. ड्रायव्हर ब्रेडबोर्डवर चालून जाईल, पण मॉस्फेट आणि मोटरचा मार्ग तिथून नेऊ नका. झिरो पीसीबीवर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट डाखा. कॉपरच्या ट्रॅकवर शिशाचा थर चढवून २० अँपिअरची अपेक्षा करू नका.

१००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा लो-ईएसआर कपॅसिटर चारही मॉस्फेटच्या शेजारी हवा, सप्लायच्या शेजारी नाही. त्याशिवाय प्रत्येक बाजूला, वरच्याच्या ड्रेनपासून खालच्याच्या सोर्सपर्यंत, १ मायक्रोफॅरडचा एक सिरॅमिक. करंट दर चक्रात या लहानशा वाटेवर झटक्याने सुरू-बंद होतो. ती वाट लांब असली की वायरीचं इंडक्टन्स व्होल्टेजची टोकं उडवतं आणि व्हीएस पिन जमिनीच्या खाली जातो. ड्रायव्हर विनाकारण मेल्यासारखा वाटतो तो बऱ्याचदा यामुळे.

मोटरचा परतीचा करंट आर्डुइनोच्या जमिनीतून वाहता कामा नये. मोठ्या कपॅसिटरचं ऋण टोक हा मुख्य बिंदू धरा. बॅटरीची ऋण वायर, दोन्ही खालच्या मॉस्फेटचे सोर्स आणि लॉजिकची जमीन, सगळ्या तिथेच येऊन मिळू देत.

बॅटरीच्या धन वायरीत गाडीतला १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज टाका. तो मॉस्फेटला वाचवणार नाही, कारण मॉस्फेट त्याच्या कितीतरी आधी जातो. तो वायर पेटण्यापासून वाचवतो, म्हणून हवाच.

टप्पा ६: पीडब्ल्यूएम, टायमर१ वर

४९० हर्ट्झवर मोटर कण्हते आणि बूटस्ट्रॅपचं काय होतं ते वर आलंच आहे. २० किलोहर्ट्झ कानाच्या पलीकडचे आहेत आणि या मॉस्फेटला झेपतात.

टायमर० ला हात लावू नका, मिलिस आणि डिले त्यावर चालतात. टायमर१ घ्या, त्याचे आउटपुट पिन ९ आणि १० वर येतात. सर्वो लायब्ररीही टायमर१ च वापरते, म्हणून ती या प्रोजेक्टमध्ये घेऊ नका.

फेज-करेक्ट मोड घ्या, म्हणजे काउंटर वर जातो आणि तसाच खाली येतो. १६ मेगाहर्ट्झ ÷ (२ × ४००) = २० किलोहर्ट्झ. फास्ट मोडमध्ये ड्युटी शून्य लिहिली तरी दर चक्रात एक बारीक टोक बाहेर पडतं. फेज-करेक्टमध्ये शून्य म्हणजे खरंच शून्य.

सेटअपमध्ये हाच क्रम पाळा (ओसीआर१ए आणि ओसीआर१बी मध्ये दोन पिनांची ड्युटी, आयसीआर१ मध्ये काउंटरची कमाल, टीसीसीआर१ए आणि टीसीसीआर१बी मध्ये मोड):

१. दोन्ही एसडी पिन आउटपुट करून लो.
२. ओसीआर१ए आणि ओसीआर१बी मध्ये ०.
३. टीसीसीआर१ए मध्ये कॉम१ए१, कॉम१बी१ आणि डब्ल्यूजीएम११ हे तीन बिट १, बाकी ०.
४. टीसीसीआर१बी मध्ये डब्ल्यूजीएम१३ आणि सीएस१० हे दोन बिट १, बाकी ०.
५. आयसीआर१ मध्ये ४००. मोड लागल्याशिवाय हे रजिस्टर लिहिता येत नाही.
६. सगळ्यांत शेवटी पिन ९ आणि १० आउटपुट.

आर्डुइनोच्या मूळ कोडने या रजिस्टरांमध्ये आधीच काही बिट लावून ठेवलेले असतात. म्हणून ‘किंवा’ करून बिट मिळवू नका, पूर्ण किंमत थेट लिहा. नाहीतर मोड भलताच लागतो.

ड्युटी लिहिणारं एकच फंक्शन ठेवा आणि ३८० ची मर्यादा (४०० चे ९५ टक्के) त्याच्या आतच घाला. जॉयस्टिक, ब्लूटूथ किंवा पीआयडीमधून कितीही मोठा आकडा आला तरी तो तिथे अडला पाहिजे.

वॉचडॉगही लावाच. हार्डवेअर पीडब्ल्यूएम प्रोसेसरवर अवलंबून नसतो. कोड एखाद्या लूपमध्ये अडकला तरी टायमर शेवटची ड्युटी तशीच देत राहतो आणि मोटर फिरत राहते. वॉचडॉग २५० मिलिसेकंदांवर ठेवला तर तो रीसेट करतो, पिन मोकळे होतात आणि टप्पा ४ चे रेझिस्टर ब्रिज बंद करतात. जुन्या बूटलोडरचा नॅनो असेल तर वॉचडॉगनंतर तो रीसेटच्या फेऱ्यात अडकतो, त्यावर आधी नवा बूटलोडर चढवा.

*तपासणी:* ब्रिजला वीज न देता ड्युटी ०, १००, २००, ३०० करा. पिन ९ वर मल्टिमीटरच्या डीसी रेंजमध्ये ०, १.२५, २.५ आणि ३.७५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.

टप्पा ७: दिशा बदलायचा क्रम

पुढे जाताना पिन ९ वर पीडब्ल्यूएम आणि पिन १० शून्य, मागे जाताना उलट. दोन्ही शून्य आणि एसडी हाय म्हणजे ब्रेक: दोन्ही खालचे मॉस्फेट मोटरची टोकं जोडून टाकतात. एसडी लो म्हणजे मोटर मोकळी.

पूर्ण वेगात असलेल्या मोटरची दिशा एकदम उलटवली तर तिचा स्वतःचा बॅक ईएमएफ (फिरताना ती तयार करते ते व्होल्टेज) आणि सप्लाय यांची बेरीज होते. मोटर ११ व्होल्ट तयार करत असेल तर (१२ + ११) ÷ ०.६ = ३८ अँपिअर, म्हणजे स्टॉलच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून:

१. ड्युटी हळूहळू शून्यावर आणा. सुरुवातीला पूर्ण उतार अर्ध्या सेकंदाचा ठेवा.
२. एसडी लो करा, मोटर थांबेपर्यंत वाट बघा.
३. दोन्ही आयएन लो ठेवून एसडी हाय करा आणि १ मिलिसेकंद थांबा. या वेळात दोन्ही बूटस्ट्रॅप कपॅसिटर भरतात.
४. दुसऱ्या बाजूची ड्युटी हळूहळू वाढवा.

पहिल्यांदा सुरू करतानाही पायरी ३ वगळू नका. कपॅसिटर रिकामा असताना वरचा मॉस्फेट चालू करायला सांगितलं तर पहिलं चक्र अर्धवट उघड्या मॉस्फेटवर जातं.

ड्युटी झपाट्याने कमी केली तर आणखी एक गोष्ट घडते. फिरती मोटर जनरेटर होते आणि हाच ब्रिज तिचं व्होल्टेज चढवून करंट सप्लायकडे परत ढकलतो. बॅटरी तो गिळते. एसएमपीएसला (घरच्या विजेवरच्या सप्लायला) तो घेता येत नाही, मग कपॅसिटरवरचं व्होल्टेज १२ वरून २०, ३० असं चढत जातं. त्यात आधी ड्रायव्हर जातो. जड चाक किंवा उतारावरची गाडी असेल तर एसएमपीएसवर चाचणी घेऊ नका, आणि ड्युटीचा उतार कधीही काढून टाकू नका.

टप्पा ८: पहिली वीज, बल्बमधून

बेंच सप्लायवर करंट मर्यादा असेल तर ती लावा. नसेल तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब ब्रिजच्या धन वायरीत सिरीजमध्ये घाला. काहीही झालं तरी तो करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास रोखतो. ड्रायव्हरची वीज बल्बच्या आधीच्या टोकाकडून घ्या, म्हणजे बल्ब पेटला तरी गेटचं व्होल्टेज टिकेल.

१. मोटर काढून ठेवा. वीज द्या. मोठा कपॅसिटर भरताना बल्ब क्षणभर लुकलुकेल आणि विझेल. विझला नाही तर लगेच बंद करा: एखादा मॉस्फेट उलटा बसला आहे किंवा शॉर्ट आहे.
२. एसडी हाय, दोन्ही ड्युटी शून्य. बल्ब बंदच हवा.
३. डाव्या बाजूची ड्युटी १००. मधल्या बिंदूवर जमिनीपासून मल्टिमीटरने ३ व्होल्टच्या आसपास. २०० ला ६, ३०० ला ९.
४. उजव्या बाजूचं तेच.
५. ड्युटी ३८० ला नेऊन एक मिनिट थांबा. व्होल्टेज ११.४ च्या जवळ स्थिर हवं. हळूहळू घसरत असेल तर बूटस्ट्रॅप भरत नाही.

मोटर नसताना ब्रिजमध्ये अगदी थोडे मिलिअँपिअर जायला हवेत. बल्बची तार किंचितही लाल दिसली तर शूट-थ्रू होतो आहे. बल्ब काढून ‘बघू काय होतं’ असं अजिबात करू नका.

*इशारा:* ऑसिलोस्कोपची जमिनीची क्लिप व्हीएसवर लावू नका. स्कोप आणि सप्लाय दोघांचं अर्थिंग एक असेल तर ती क्लिप म्हणजे थेट शॉर्ट. वरच्या गेटचं व्होल्टेज बघायचं तर दोन्ही प्रोबच्या क्लिप जमिनीवर, एक टोक एचओवर, दुसरं व्हीएसवर, आणि स्कोपवर वजाबाकी. १० व्होल्टपेक्षा जास्त फरक हवा.

टप्पा ९: मोटर आणि करंटची मर्यादा

बल्ब तसाच ठेवून मोटर जोडा, लोड काहीही नको. दोन्ही दिशांना, सगळ्या ड्युटींवर फिरवा. मग बल्ब काढा, फ्यूज ठेवा.

लोड लावण्याआधी करंट मोजण्याची सोय करा. एसीएस७१२ चा २० अँपिअरचा प्रकार मोटरच्याच एका वायरीत घाला. सप्लायच्या वायरीत नको, कारण पीडब्ल्यूएमच्या बंद काळात करंट मोटर आणि दोन खालच्या मॉस्फेटमध्येच फिरतो, तो सप्लायपर्यंत येत नाही. हा सेन्सर शून्य करंटला २.५ व्होल्ट देतो आणि दर अँपिअरला १०० मिलिव्होल्ट बदलतो. आर्डुइनोच्या एका पायरीला सुमारे ०.०५ अँपिअर पडतो. आठ वाचनांची सरासरी घ्या. १२ अँपिअरच्या वर गेलं तर ड्युटी कमी करा आणि अर्धा सेकंद तसंच राहिलं तर एसडी लो.

शून्याचा आकडा ५१२ गृहीत धरू नका. दर वेळी सुरू होताना, एसडी लो असताना, तो मोजून साठवा.

मग मुद्दाम शाफ्ट अडवा, फक्त क्षणभर. मर्यादा काम करते का ते इथेच कळतं.

बिघडलं तर कुठे बघायचं

मोटर एकाच दिशेला नीट चालते: जी बाजू पीडब्ल्यूएमला दाद देत नाही तिचा बूटस्ट्रॅप डायोड आणि कपॅसिटर बघा, डायोड उलटा असण्याची शक्यता मोठी.

कमी वेगाला ठीक, पूर्ण वेगाला मोटर गचके खाते: ९५ टक्क्यांची मर्यादा कुठेतरी ओलांडली जाते, किंवा वरच्या गेटला १० किलोओम राहिला आहे.

मोटर सुरू झाली की आर्डुइनो रीसेट होतो: जमिनीच्या वायरी एका बिंदूवर आलेल्या नाहीत, किंवा ५ व्होल्ट मोटरच्याच पातळ वायरीवरून घेतले आहेत. आर्डुइनोला वेगळा बक मॉड्यूल द्या आणि मोटरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून न्या.

मोटर नसतानाही मॉस्फेट कोमट होतात: गेटचा रेझिस्टर फार मोठा आहे किंवा मॉस्फेट बनावट आहे.

आणि मॉस्फेट गेलाच, तर फक्त तो बदलून पुन्हा वीज देऊ नका. जाताना त्याचा ड्रेन आणि गेट बहुतेकदा आत एकमेकांना जोडले जातात आणि सप्लायचा सगळा जोर ड्रायव्हरच्या आउटपुट पिनवर येतो. त्या बाजूचे दोन्ही मॉस्फेट, आयआर२१०४ आणि गेटचे दोन्ही १० ओम एकदम बदला. आयसीसाठी सुरुवातीपासून सॉकेट वापरा, म्हणजे डाख काढताना ट्रॅक उखडणार नाही. मग बल्ब पुन्हा सिरीजमध्ये घाला आणि टप्पा ८ च्या पहिल्या पायरीपासून सुरू करा.